तपासणी राहून गेल्याचे पत्र : रुग्णालयाच्या टपाल यंत्रणेतील एका टेम्प्लेटचे प्रकरण

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले एक धर्मादाय रुग्णालय. मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासला जावा म्हणून तिथे यादी ठेवलेली असते, आणि ज्यांची तारीख उलटून गेली त्यांना टपालाने पत्र जाते. फोन आणि एसएमएस आहेतच. पण नंबर बदलतात, नोंदवलेला नंबर पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा असतो, आणि एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत बुडून जातो. पत्र मात्र घरात राहते. कॅलेंडरच्या मागे खोचले जाते आणि चार दिवसांनी पुन्हा हातात येते. म्हणून ते नीट जाणे महत्त्वाचे.

काम वरवर साधे होते. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही यादी (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढायची, वर्डच्या टेम्प्लेटला, म्हणजे रिकाम्या जागा सोडलेल्या साच्याला, मेल मर्जने (यादीतली एकेक नोंद साच्यात भरणाऱ्या सोयीने) जोडायची, छापायची, हाताने घडी घालून खिडकीच्या लिफाफ्यात टाकायची, म्हणजे पत्रावरचाच पत्ता पारदर्शक खिडकीतून दिसतो. त्यातून निघालेल्या एका पत्राचा मजकूर असा होता (नाव काल्पनिक आहे) :

«प्रिय श्री. सुनीता कुर्हाडे, आपणास कळविण्यात येते की, आपण दि. ०८/०५/२०२५ रोजी ००:०० वाजता नेत्र विभागमध्ये उपस्थित राहिला नाहीत. तरी १ दिवसांच्या आत मिरजला होणाऱ्या शिबिरात न आल्यास आपले प्रकरण बंद करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.»

या दोन वाक्यांत किमान नऊ चुका आहेत. बाईंना ‘श्री.’ लावले आहे. आडनाव ‘कुऱ्हाडे’ आहे, ‘कुर्हाडे’ नव्हे. तारीख ५ ऑगस्ट होती, ती ८ मे झाली. वेळ भरलेलीच नव्हती, ती मध्यरात्र झाली. ‘विभागमध्ये’, ‘१ दिवसांच्या’ आणि ‘मिरजला’ ही रूपे मराठी कानाला खटकतात. ‘राहिला नाहीत’ हे बाईंना चालत नाही. नववी चूक स्वराची. डोळ्यांची काळजी म्हणून पाठवलेले पत्र नोटिशीसारखे वाचले जाते. शिवाय ते ११ पॉइंटमध्ये छापले होते, आणि ज्यांना पाठवायचे त्यांतल्या कित्येकांना नीट दिसत नाही म्हणूनच ते पाठवले जात होते.

यातल्या जवळजवळ सगळ्या चुका टंकलेखनाच्या नाहीत. टेम्प्लेट कसे बांधले आहे त्यातून त्या आपोआप निघतात, म्हणून एकेक पत्र तपासून सुधारण्यात अर्थ नव्हता.

आधी लिफाफा, मग मजकूर

टेम्प्लेटचे काम मजकुरापासून सुरू करायचा मोह होतो. ते लिफाफ्यापासून सुरू करावे. कागदावर कुठे काय छापता येईल हे लिफाफाच ठरवतो.

रुग्णालयाकडे साडेनऊ बाय साडेचार इंचांचे लिफाफे होते, म्हणजे २४१ × ११४ मिमी. आपल्याकडच्या स्टेशनरी दुकानात हाच आकार सर्रास मिळतो. ए४ कागद (२१० × २९७ मिमी) तीन सारख्या भागांत दुमडला की २१० × ९९ मिमीची पट्टी होते. लिफाफ्याच्या चिकटवलेल्या कडा सोडल्या तर आतली मोकळी जागा सुमारे २३६ × ११० मिमी उरते. म्हणजे पत्र आत आडवे २६ आणि उभे ११ मिमी सरकू शकते. लिफाफा बंद करून टेबलावर एकदा डाव्या कडेवर, एकदा उजव्या, एकदा खालच्या आणि एकदा वरच्या कडेवर आपटावा. प्रत्येक वेळी खिडकीत काय दिसते ते पाहावे. टपालाच्या पिशवीत पत्राला असेच धक्के बसतात.

इथे दोन हिशेब लागतात. पत्र कसेही सरकले तरी हमखास दिसणारी जागा म्हणजे खिडकीच्या मापातून सरक वजा केलेले माप. पत्र कसेही सरकले तरी जिथे पत्त्याशिवाय काहीही नसावे ती जागा म्हणजे खिडकीच्या मापात सरक मिळवलेले माप. खिडकी ९० × ४० मिमीची होती. म्हणजे हमखास दिसणारी जागा फक्त ६४ × २९ मिमी, आणि मोकळी ठेवायची जागा ११६ × ५१ मिमी. जुन्या टेम्प्लेटमध्ये ‘विषय :’ची ओळ पत्त्याच्या लगेच खाली होती. पत्र लिफाफ्यात वर सरकले की तीच ओळ खिडकीत यायची, आणि रोगाचे नाव पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना वाचता यायचे.

हा धोका काल्पनिक नाही. २०१७ च्या जुलैअखेरीस अमेरिकेतील एटना या आरोग्यविमा कंपनीच्या वतीने सुमारे १२,००० जणांना पत्रे गेली. लिफाफ्याच्या मोठ्या खिडकीतून नाव-पत्त्याबरोबरच एचआयव्हीच्या औषधांचा उल्लेख असलेला मजकूरही दिसत होता. कित्येकांचे गुपित घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळले. २०१८ मध्ये कंपनीने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला तडजोड केली. आपल्याकडेही २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठरवली आहे. पण कायदा नसता तरी पडद्याच्या तपासणीचे पत्र आणि क्षयरोगाचे पत्र खिडकीतून वाचता येऊ नये, एवढे तरी रुग्णाचे देणे लागतेच.

उपाय दोन केले. पहिला, लिफाफा बदलून डीएल घेतला, २२० × ११० मिमी. आतल्या २१६ × १०७ मिमीत पत्र आडवे ६ आणि उभे ८ मिमीच सरकते. खिडकी तीच ठेवली, तरी हमखास दिसणारी जागा ८४ × ३२ मिमी झाली. ११ पॉइंट अक्षर आणि १५ पॉइंट ओळ (म्हणजे ५.३ मिमी) धरली तर तिथे पत्त्याच्या सहा ओळी जेमतेम बसतात. मर्यादा पाच ओळींची ठेवली. इंग्रजीला १३ पॉइंटची ओळ पुरते, देवनागरीला पुरत नाही. वरची वेलांटी आणि रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतात, आणि ‘कृ’खाली ‘र्की’ आला की दोन्ही ओळी वाचता येत नाहीत.

दुसरा उपाय घडीचा. ‘विषय’ आणि त्याखालचा सगळा मजकूर पहिल्या घडीच्या खाली, म्हणजे वरून १०३ मिमीनंतर सुरू केला. घडी ९९ मिमीवर आणि १९८ मिमीवर, इंग्रजी झेड अक्षरासारखी, म्हणजे वरचा भाग छापील बाजूने बाहेर राहतो. हाताने घडी घालणाऱ्याची दोन-तीन मिमीची चूक धरूनही मजकूर खिडकीच्या बाजूला येत नाही. घडीची खूण म्हणून डाव्या कडेपासून ६ मिमीवर ३ मिमीची बारीक रेघ छापली. अगदी कडेला रेघ दिली तर बहुतेक प्रिंटर ती छापतच नाहीत, कारण कडेचे चार-पाच मिमी त्यांच्या आवाक्याबाहेर असतात.

एवढे करूनही पहिल्या चाचणीत पत्ता खिडकीत खाली उतरला. संगणकाच्या प्रिंट सेटिंगमध्ये ‘फिट’ निवडलेले होते. त्याने पान ९७ टक्क्यांवर आणले, पान मध्याकडे आकसले आणि पत्त्याचा भाग सुमारे ३ मिमी खाली आला. ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायचे हे छपाईच्या टेबलावर चिकटवून ठेवावे. ज्याने टेम्प्लेट बनवले तो रोज छापायला बसणार नसतो.

वजनाचेही सांगून टाकू. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए४ कागद ५ ग्रॅमचा असतो आणि डीएल लिफाफा चार-साडेचार ग्रॅमचा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. दोन कागदांपर्यंत चिंता नाही. तिसरा कागद म्हणून माहितीपत्रक घातले की वजन २० ग्रॅमच्या काठावर येते.

पत्त्याच्या पाच ओळी

गावाकडचा पत्ता शहरी फॉर्मच्या रकान्यांत बसत नाही. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, मळा, वस्ती, ‘अमक्याच्या दुकानामागे’, ‘द्वारा’ हे सगळे लागते. ओळी अशा ठरल्या : नाव; घर, मळा किंवा वस्ती आणि खूण; मु. पो.; ता. आणि जि. एकत्र; शेवटी पिन. रिकाम्या ओळी आपोआप वर सरकल्या पाहिजेत. नाहीतर ‘ता. , जि.’ असे बोडके शब्द छापले जातात.

पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी, संस्कृतचे पंडित आणि मराठी माणूस. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा असतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. या रचनेचा तपासणीला छान उपयोग होतो. पिन सहा आकडी नसेल तर पत्र थांबवायचे. जिल्हा कोल्हापूर किंवा सांगली लिहिलेला आणि पिन ५ ने सुरू होत असेल तर एक जण चुकला आहे, जिल्हा तरी किंवा पिन तरी.

पण ५ दिसला की चूकच, असे मात्र धरायचे नाही. या पट्ट्यातल्या रुग्णालयांत निपाणीकडचे रुग्ण नेहमी येतात आणि त्यांचा पिन ५ नेच सुरू होतो. त्यांचे पत्र मराठीतच राहते, पत्ता मात्र इंग्रजीत छापायचा ठरला, कारण टपालाचे वर्गीकरण कर्नाटकात होते. पिनचे आकडे सगळ्याच पत्रांवर इंग्रजीत ठेवले. घाईत देवनागरी ५ आणि ६ यांत गफलत होते.

पत्त्याची लांबी मोजण्यात एक खास सापळा आहे. जुन्या यंत्रणेत ‘ओळ ३० अक्षरांवर तोडा’ असा नियम होता. संगणक युनिकोडची, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीतली, चिन्हे मोजतो. ‘श्रीकृष्ण’ डोळ्याला तीन अक्षरे दिसतात, पण आत नऊ चिन्हे असतात : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. तीस चिन्हांवर कात्री चालवली की कधी ‘श्रीकृष्’ उरतो, तर कधी काना पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच लोंबकळतो. म्हणून ओळ शब्दावरच तोडायची, आणि लांबी चिन्हांत न मोजता छापील रुंदीत, मिलिमीटरमध्ये मोजायची.

रकान्याला प्रत्यय लावायचा नाही

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये नावाची जागा रिकामी सोडायची आणि नाव भरायचे, एवढ्यावर निभते. मराठीत नाम वाक्यात आले की आपले रूप बदलते. ‘«गाव»ला’ असे टेम्प्लेट केले तर आटपाडीला, कागलला ठीक आहे. पण मिरज आली की ‘मिरजेला’ हवे, सातारा आला की ‘साताऱ्याला’, पुणे आले की ‘पुण्याला’. ‘«गाव»त’ केले तर ‘कोल्हापूरात’ होते आणि ते ‘कोल्हापुरात’ हवे. सामान्यरूपाचे सगळे नियम यंत्राला शिकवायचा प्रयत्न करू नये. आडनावे आणि वाड्या-वस्त्यांच्या नावांपुढे ते टिकत नाही.

वाक्यच असे लिहावे की भरलेला शब्द जसाच्या तसा राहील आणि विभक्तीचा भार पुढचा पक्का शब्द उचलेल. मराठीत असे शब्द भरपूर आहेत. ‘«गाव» येथे’. ‘«डॉक्टर» यांच्याकडे’. ‘«विभाग» या विभागात’. ‘«नाव» यांना’. ‘«तारीख» रोजी’. कार्यालयीन मराठीने हे तंत्र फार पूर्वीच साधले आहे. ‘येथे’ आणि ‘यांना’ कोणी रूक्ष म्हणोत, टेम्प्लेटमध्ये त्यांच्याइतके उपयोगी शब्द दुसरे नाहीत. त्याहून सोपी वाट म्हणजे रकाना वाक्यातून काढून स्वतंत्र ओळीत ठेवणे : ‘ठिकाण : मिरज’. इथे व्याकरणाचा प्रश्नच उरत नाही, आणि वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट पटकन सापडते.

दुसरी अडचण लिंगाची. ‘तुम्ही आला नाहीत’ की ‘आल्या नाहीत’? यादीतला लिंगाचा रकाना रिकामा किंवा चुकीचा असतोच. क्रियापदाचा कर्ताच बदलला की प्रश्न मिटतो. ‘तुमची तपासणी राहून गेली आहे.’ इथे क्रियापद ‘तपासणी’प्रमाणे चालते, रुग्ण पुरुष असो की बाई. आणखी एक फायदा झाला. ‘तुम्ही आला नाहीत’ यात बोट रोखलेले आहे. ‘राहून गेली’ यात दोष कोणाचाच नाही, आणि खेडोपाडी लोक बोलतातही असेच. एस.टी. चुकली, भात लावणी होती, सून बाळंत झाली. तपासणी राहून गेली.

संख्यांचेही तसेच. ‘१ दिवसांच्या’ टाळायला मुदतीऐवजी सरळ तारीख दिली. मजल्याचा आकडा भरून ‘२ रा’, ‘४ था’ जुळवत बसण्यापेक्षा विभागाच्या कोष्टकात ‘दुसरा मजला’ असा पूर्ण शब्दच साठवला. वेळेसाठी सकाळी, दुपारी, सायंकाळी या शब्दांचे कोष्टक केले : दुपारी १२ पर्यंत सकाळी, ४ पर्यंत दुपारी, पुढे सायंकाळी. वेळ रिकामी असेल तर सॉफ्टवेअर ००:०० भरते, म्हणून ००:०० दिसले की पत्र रोखायचे.

नावाआधीचे ‘सौ.’ पूर्ण काढले. सज्ञान स्त्रियांना सरसकट ‘श्रीमती’, पुरुषांना ‘श्री.’, आणि लिंग नोंदवलेले नसेल तर काहीच नाही. नुसते नाव कोणाला खटकत नाही, चुकीचे ‘श्री.’ खटकते. अठरा वर्षांखालच्या रुग्णाचे पत्र पालकांच्या नावे, वेगळ्या टेम्प्लेटमध्ये. हीच यंत्रणा बालरोग विभागही वापरतो. तिथे नाव न ठेवलेल्या बाळाची नोंद ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव अशी असते. तिथे ‘प्रति, श्री. बेबी ऑफ…’ असे लिफाफे गेले होते. आता ‘बेबी ऑफ’ने सुरू होणारे नाव आले की पुढचा भाग आईचे नाव म्हणून घ्यायचा आणि मजकुरात ‘तुमच्या बाळाची तपासणी’ आणायची.

राहिला ‘आपण’. कार्यालयीन पत्रात ‘आपण’ आदरार्थी असते, पण त्याचा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. हे पत्र बऱ्याचदा नातू किंवा शेजारी मोठ्याने वाचून दाखवतो. ‘आपली तपासणी राहिली आहे’ हे कोणाची? ‘तुमची’ म्हटले की शंका राहत नाही. आदर ‘या’, ‘आणा’, ‘सांगा’ यांतून पुरेसा पोहोचतो. पत्र मोठ्याने वाचले जाते याच कारणाने मजकुरात मधुमेहाचा उल्लेख ठेवला नाही. ‘डोळ्यांची यंदाची तपासणी’ एवढे ज्याचे त्याला कळते.

सुरुवातीचे ‘प्रिय’ इंग्रजी टेम्प्लेटमधून आले होते. अनोळखी रुग्णाला मराठीत कोणी ‘प्रिय’ लिहीत नाही. नवा मजकूर असा झाला :

«नमस्कार,

तुमच्या डोळ्यांची यंदाची तपासणी राहून गेली आहे. त्यासाठी नवी वेळ ठेवली आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:३०
ठिकाण : नेत्र बाह्यरुग्ण विभाग, दुसरा मजला

येताना हे पत्र, चालू औषधांची चिठ्ठी आणि वापरातला चष्मा आणा. उपाशी येऊ नका. जेवण आणि औषधे रोजच्यासारखीच घ्या.

तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी घेऊन या आणि स्वतः गाडी चालवू नका.

ही वेळ जमत नसेल किंवा तपासणी दुसरीकडे झाली असेल, तर खालच्या नंबरवर सांगा. दुसरी वेळ देता येईल.»

‘उपाशी येऊ नका’ हे वाक्य डॉक्टरांनी आग्रहाने घालायला लावले. तपासणी म्हटली की रक्ताची, आणि रक्ताची म्हटली की उपाशीपोटी, हे डोक्यात बसलेले असते. मधुमेहाची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून माणूस उपाशी प्रवास करून आला, तर रांगेतच साखर खाली जाते. हे एक वाक्य बाकीच्या सगळ्या सजावटीपेक्षा मोलाचे आहे.

अक्षर १६ पॉइंट ठेवले, वेळेची ओळ १८ पॉइंट ठळक. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) २०१६ पासून माहितीच्या सुलभतेचे एक मानक लागू आहे. त्यात कोणाला मोठे अक्षर, कोणाला ब्रेल लागते ते रुग्णाच्या नोंदीतच टिपायचे आणि पुढे प्रत्येक पत्राला ते लागू करायचे, असा दंडक आहे. इथे तेवढी सोय नव्हती. पण नेत्र विभागाच्या पत्राला एकेकाची निवड विचारत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच मोठे अक्षर देणे सोपे. मजकूर त्यामुळे एका पानात बसेना. तेव्हा अक्षर लहान न करता मजकूर छाटला, आणि तो छाटल्यावरच वाचण्यासारखा झाला.

‘कुर्हाडे’ कुठून आले

आडनाव नोंदवणाऱ्याने बरोबर टाइप केले होते. ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह (क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यादी ‘स्वच्छ’ करणारी एक छोटी स्क्रिप्ट सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकत होती. जोडचिन्ह गेले की र चा रफार होतो, आणि कुऱ्हाडे, गोऱ्हे, चऱ्होली सगळे बिघडतात. उपाय एका ओळीचा आहे : साफसफाईच्या आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्यायचा. ‘ॲ’चेही असेच, त्यालाही स्वतंत्र चिन्ह आहे (०९७२), पण जुन्या नोंदींत अ, जोडचिन्ह आणि चंद्र असा जुळवलेला ॲ सापडतो.

पुढे वर्डऐवजी सर्व्हरवर थेट पीडीएफ बनवायचे ठरले, तेव्हा वेगळाच गोंधळ झाला. ‘दिवस’चे ‘दविस’ दिसू लागले. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर आधी, आणि ही अदलाबदल करायचे काम अक्षरजुळणीच्या इंजिनाचे असते. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) ते करतच नाहीत, मिळतील तशी चिन्हे ओळीने मांडतात. जोडाक्षरेही त्यामुळे सुटी पडतात. हार्फबझसारखे इंजिन वापरणारी लायब्ररी घेतल्यावर हे थांबले. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केलाच पाहिजे, म्हणजे फाइलच्या आतच ठेवला पाहिजे, नाहीतर छापणाऱ्या संगणकावर तो नसेल तर दुसराच फॉन्ट येतो आणि रुंदीचे सगळे हिशेब कोसळतात.

ल आणि श हीही बारीक गोष्ट. बऱ्याच फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचे असते, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी सांगितली तरच पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ही मराठी वळणे दिलेली आहेत. वाचता न येण्याइतका फरक नाही, पण मराठी पत्र मराठी दिसावे. भाषेची खूण एकदा टेम्प्लेटला लावली की काम झाले.

जुन्या नोंदींपैकी काही श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत होत्या. तो फॉन्ट नसेल तर नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटते. त्या आपोआप बदलून घेतल्या, पण बदललेले प्रत्येक नाव माणसाने एकदा पाहिल्याशिवाय छापायला सोडले नाही.

एक्सेल आणि पाठपोट छपाई

तारीख उलटी होण्याचे कारण एक्सेल. यादी तपासायला कोणीतरी ती उघडायचे, संगणकाची सेटिंग अमेरिकी असायची, आणि ०५/०८ चे ८ मे व्हायचे. १२ च्या पुढचे दिवस तसेच राहतात, म्हणून चूक निम्म्याहून कमी पत्रांतच दिसते आणि लवकर लक्षात येत नाही. आता यादीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशी येते आणि पत्रात महिना अक्षरी, वारासकट छापला जातो. वार फार उपयोगी आहे. तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि कोणीतरी फोन करून विचारते. आरोग्य-ओळखीचा आभा क्रमांक १४ आकडी असतो, तो एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवते. तो पत्रात लागतच नाही, म्हणून यादीतूनच काढला.

सगळ्यात गंभीर घोळ पाठपोट छपाईत होता. पत्र एका पानाचे, प्रिंटर पाठपोट छापणारा. मेल मर्ज प्रत्येक पत्र ‘पुढच्या पाना’वर सुरू करतो, आणि पुढचे पान म्हणजे त्याच कागदाची पाठ. एका रुग्णाच्या पत्रामागे दुसऱ्याचे पत्र. खिडकीत पुढचा पत्ता दिसतो, म्हणून लिफाफ्यात भरताना कळतही नाही. प्रत्येक पत्र विषम पानावरच सुरू होईल असा सेक्शन ब्रेक दिला की हे कायमचे मिटते. पत्ता लांबून मजकूर दुसऱ्या पानावर सांडला तर ते पत्र न छापता रोखले जाते. प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडे गठ्ठ्यातला अनुक्रमांक आणि ‘पान १ / १’, आणि डावीकडे टेम्प्लेटचा क्रमांक व आवृत्ती असते. तक्रार आली की कोणत्या मजकुराचे पत्र गेले होते ते त्यावरून लगेच कळते.

छापण्याआधी आणि परत आल्यावर

चाचणीसाठी मुद्दाम वाईट नोंदींचा एक संच ठेवला आहे. त्यात एकच नाव असलेला रुग्ण, ‘कुऱ्हाडे’, ‘बेबी ऑफ’, सहा ओळींचा पत्ता, पाच आकडी पिन, निपाणीचा पत्ता, पत्त्यात स्वल्पविराम आणि एंटर (सीएसव्हीचे रकाने यामुळेच घसरतात), रविवारची तारीख, कालची तारीख, ००:००, रिकामे लिंग, सतरा वर्षांचा रुग्ण आणि मिरज हे सगळे आहेत. टेम्प्लेटमध्ये एक शब्द बदलला तरी हा संच छापून, घडी घालून, लिफाफ्यात भरून आपटून पाहायचा. पडद्यावर पाहून पास करायचे नाही.

प्रत्यक्ष गठ्ठ्याला हिशेब जुळवतात. समजा यादीत ३१२ नावे आहेत आणि २७ रोखली, तर पत्रे २८५, लिफाफे २८५ आणि तिकिटे २८५. एक लिफाफा कमी भरला तर दोन पत्रे एकात गेली आहेत, आणि गठ्ठा पुन्हा उघडावा लागतो. रोखलेल्या प्रत्येक नावापुढे कारण असते आणि ती यादी त्याच दिवशी नोंदणी खिडकीकडे जाते, कारण पत्ता सुधारणारी माणसे तिथे बसतात.

परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमनने शेरा लिहिलेला असतो. अपूर्ण पत्ता, घर बंद, गाव सोडले, घेण्यास नकार, मयत. पूर्वी ही पाकिटे एका खोक्यात साठत. आता आलेल्या दिवशीच अनुक्रमांक वाचून शेरा नोंदीत चढवतात. अपूर्ण पत्त्यासाठी फोन होतो. ‘मयत’ असा शेरा असेल तर ती नोंद यादीतून लगेच थांबवतात आणि ते नाव इतर विभागांनाही कळवतात. नेत्र विभागाने पत्र थांबवले आणि पुढच्या आठवड्यात अस्थिरोग विभागाचे पत्र त्याच घरी गेले, असे एकदा झाले होते.